ओढ्यावरची दुसरी शिळा

मंगळवार, ८ एप्रिल
आधी दुरुस्ती. शनिवारच्या नोंदीत लिहिलं, ‘दुसरी शिळा गप्प झाली, साकव निभेल.’ चूक. सेन्सरला तिचा आवाज येईनासा झाला तो तिच्यावरचं ओझं हलकं झालं म्हणून.
चाचणीच्या वजनासाठी साकवावर, म्हणजे ओढ्यावरच्या चार शिळांच्या पुलावर, दाजींच्याच कांद्याच्या गोणी रचल्या होत्या, शेतातून नुकत्या काढलेल्या, ओल्या. पहिल्या दिवशी काटा केला, नंतर केलाच नाही. उन्हात कांदा सुकतो, घट येते. निमगाव साव्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. आज गोणी उतरवताना हाताला कळलं. परत काटा केला. एकही गोणी पहिल्या वजनाची नाही.
आणि ‘निभेल’ हे दाजींना सांगूनही झालंय.

बुधवार, ९ एप्रिल
पुण्याला, प्रयोगशाळेत. सर म्हणाले, एका चाचणीवर काही बोलू नका, पुन्हा लोड करा. मी तर बोलून बसले.
एसटीत येताना मनातल्या मनात आपाला, माझ्या थोरल्या बहिणीला, समजावत होते. दगडावर भार आला की आत बारीक चिरा सरकतात, त्यांचा आवाज होतो. कानाला येत नाही, सेन्सरला येतो. धड दगड असेल तर त्यानं आधी जेवढा भार सोसलाय तेवढ्यापर्यंत तो बोलत नाही. त्यापुढे गेलं की बोलतो. पण आधीच बोलायला लागला, तर समजायचं, आतून गेला.
तिला आवडलं असतं. दम्यामुळे मी दुसरीपर्यंत शाळेत गेलेच नाही. आपा शाळेतून आली की घरी माझी शाळा भरायची. अब्बांच्या दुकानातलं पत्र्याचं झाकण म्हणजे फळा. उत्तर बरोबर आलं तरी विचारायची, कसं आलं ते सांग. तसं अजूनही दुसरं कुणी विचारत नाही.

शुक्रवार, ११ एप्रिल
आपाचा आवाज आला! मोबाइलवर, रेकॉर्ड करून पाठवलेला, स्वतःहून. रफिकला, म्हणजे दाजींच्या धाकट्या भावाला, मी लग्नासाठी नकार दिला तेव्हापासून आमचं बोलणं बंद. या ईदलाही शीरखुर्मा आम्ही दोघांनीच खाल्ला, अब्बा आणि मी.
“छोटे, शनीचर कू आ. रहनेकूच आ. इतवार कू ट्रॉली निकलती.”
येत्या नाही, पुढच्या रविवारी. कांद्याची वर्षातली पहिली ट्रॉली. त्यांच्याकडे पहिल्या ट्रॉलीवर घरची बाई गोणींवर बसून डांबरी रस्त्यापर्यंत जाते, दाजींच्या आईपासूनची रीत. मीही शेजारी बसावं असं म्हणत होती.
वस्तीवरून डांबरीला जायचं तर साकवावरूनच.
किती वेळा ऐकला ते लिहीत नाही. ‘छोटे’ म्हणताना मध्ये थोडी अडखळते. पूर्वी अडखळायची नाही.

सोमवार, १४ एप्रिल
आज लोड करायचं होतं. जयंती, गडी नाहीत. नारायणगावात मिरवणुकीत एसटी अडकली. खिडकीतून लाडू मिळाला. परत आले.
खरं सांगायचं तर बरं वाटलं. आणखी एक दिवस साकव धड.

मंगळवार, १५ एप्रिल
ओढा कोरडा. खाली उतरून चारही शिळांच्या पोटाला ग्रीस लावून सेन्सर चिकटवले. प्रत्येकाशेजारी पेन्सिलीचं टोक मोडून पाहिलं, सगळे ऐकतात. वजनाला आता कांदा नाही, मुरमाची पोती, रचण्याआधी प्रत्येकाचा काटा.
पहिली, तिसरी, चौथी शिळा शेवटपर्यंत गप्प.
दुसरी निम्म्याच्या थोडं पुढे बोलू लागली. मागच्या वेळी सोसलेल्या भाराच्या बरीच अलीकडे. हात थांबवले तरी थांबेना. पोती उतरवली. चहा प्यायले. पुन्हा रचली. या वेळी त्याहून आधी.
दाजींची ट्रॉली यापेक्षा जड.
ओढ्यातून आपाच्या दोरीवरचे कपडे दिसतात. हिरवी ओढणी माझी होती. गड्यांचा आणि माझा चहा घरातून आला. घेऊन दाजी आले.
“काय इंजिनेरबाई, पूल पास झाला व्हता ना? परत परीक्षा कशाला?”
मी म्हटलं, रात्री आकडे बघून सांगते. तिथेच सांगायला हवं होतं. दोरीकडे बघत राहिले.

बुधवार, १६ एप्रिल
आकडे तीनदा तपासले. वारा नाही, मोटारपंप बंद होता, सेन्सर ठीक. दुसरं काही कारण सापडावं म्हणूनच शोधत होते, हेही लिहून ठेवते.
दुपारी दाजींना फोन. कांद्याच्या घटीचं सगळं सांगितलं. आधी खूप हसले.
“कांद्यानं फशिवलं व्हय तुमाला! बरं, तुटंल का न्हाई, एवढंच सांगा.”
“तुटेल. कधी ते सांगता येत नाही.”
“इतवारी तुटंल?”
“नाही सांगता येत.”
“मंग झालं की. ट्रॉली जाईल. खालची वाट अरुंद, तिथं ट्रॅक्टर वळत न्हाई. समद्या गोणी काय डोक्यावर वाहू?”
मग आपानं फोन घेतला. आम्ही बहिणी घरात आमच्याच बोलीत बोलतो. चिडली की मात्र आपा मराठीत.
“तुला यायचंच न्हाई तर तसं सांग. पुलाला कशाला मधी घालतीस?”
“आपा, तू ट्रॉलीवर बसू नको.”
“मी बसनार. तू नगं येऊ.”
फोन बंद. नंतर लागलाच नाही. ‘कसं आलं ते सांग’ असं तिनं विचारलं नाही.

गुरुवार, १७ एप्रिल
ग्रामपंचायतीत अर्ज दिला. ग्रामसेवक रजेवर, सोमवारी येतील. शिपाई म्हणाला, “म्याडम, बोर्ड लावायचा तर त्यांची सही लागंल.” सरांचा मेसेज: निष्कर्ष घाईनं काढू नका. बरोबर आहे. एवढ्या आकड्यांवर मी पेपर लिहिणार नाही. पण त्या शिळेवरून आपाला जाऊही देणार नाही. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात का, सकाळपासून तेच चाललंय डोक्यात.
अब्बा म्हणाले, “अर्ज दिला ना? आता घरी बस. परत गेलीस तर तिचं दार कायमचं लागेल.” त्यांनाही आपा हवीच आहे. तिच्या वाट्याचं ताट अजून फळीवर वेगळं ठेवतात.
शिळा चुकून धड निघाली, रविवारी ट्रॉली सुखरूप गेली, तर आपा म्हणेल, बघ, खोटं बोलत होती. तसंच होवो. मी खोटं पडावं असं फार वाटतं.
शुक्रवारी जाता येणार नाही, सेन्सर पुण्याला परत द्यायचे आहेत. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं. ओढ्यात उतरून पलीकडे, थेट तिच्या दारात. आकडे दाखवीन, कसे आले तेही सांगेन, तिनं विचारलं नाही तरी. घरात घेतलं नाही तर पडवीत बसेन. तरीही ट्रॉली भरली, तर साकवाच्या तोंडाशी.
जायचा दिवस: शनिवार, १९ एप्रिल.