निळ्या पिंपावरचं चित्र

सुकापूर,
गुरुवार, दि. १२ मे २०११

चि. सौ. निशास,
आबाचे मनापासून आशीर्वाद. समृद्धीच्या दोन्ही गालांना एकेक पापा.

आज पहाटेपासून कानात उघाडीचा आवाज आहे. आमच्या मिठागराच्या बांधाला पाणी सोडायची लाकडी फळी असायची, ती उघाडी. बाबा ती उचलायचे तेव्हा आधी करकर व्हायची, मग कुणी झोपेत सुस्कारा टाकावा तसं पाणी सुटायचं. साठ वर्षं झाली. पाणी वाजतंय म्हणजे घरात सगळं ठीक आहे, हे तेव्हापासून मनात बसलंय.

इकडे ठीक. प्रितमची या आठवड्यात बंदरावर दुसरी पाळी आहे, पण जेवतो वेळेवर. नळ एक दिवसाआडच येतो. तू फोनवर म्हणालीस, माहेरी आठ दिवसांत पोरीच्या अंगावरचं पुरळ निम्मं उतरलं, सकाळच्या उलट्या थांबल्या, रविवारी येतो. मी 'बरं, बरं' म्हणालो आणि फोन प्रितमच्या हातात दिला. तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून लिहितोय. रविवारी येऊ नका.

उकाडा फार आहे. शेजारी इमारतीचं काम चालू आहे, धूळ उडते. डासही वाढलेत.

वरचं वाचून पाहिलं. चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो, निबंधात मुद्दा सोडून भटकू नका. मुद्दा पिंपाचा आहे, बाळा.

मार्चमध्ये पाण्याचे हाल सुरू झाले तेव्हा मी ते निळं पिंप आणलं. तुला म्हणालो, सरबताच्या कारखान्यातलं आहे. खोटं बोललो. जासईला गोदामांच्या मागे जगनचं भंगाराचं आवार आहे, तिथलं ते. जगन माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकला. तो म्हणाला, "मास्तर, यात काय व्हतं मला नाय ठावं. आमी दोनदा धुतलंय, पन प्यायला नका घेऊ. वापराला घ्या." मी म्हटलं, "जगन, तू मला धडा देतोस होय रे?" तो लाजून हसला. मी सोड्याने धुतलं, चिंच लावून घासलं, तीन दिवस उन्हात ठेवलं. आठवडाभर वापरालाच होतं. मग एकदा नळ आलाच नाही, तेव्हा त्यातूनच पिण्याचा हंडा भरला. कुणाला काही झालं नाही. मग रोजच भरू लागलो. तू एकदा म्हणाली होतीस, "आबा, पाण्याला वास येतोय." मी म्हटलं, नवं प्लास्टिक आहे, जाईल.

अजून एक राहिलंय. तेच लिहायचं टाळतोय.

पिंपावर एक कागद चिकटवलेला होता. लाल चौकट, आत कवटी आणि दोन हाडं, खाली बारीक इंग्रजी अक्षरं. मी तो सुरीने खरवडून काढला. समृद्धी ती कवटी बघेल आणि झोपेत दचकेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. दुसरं काही नाही, निशा. खालची अक्षरं मी वाचलीसुद्धा नाहीत. चार वर्षांच्या पोरीला चित्राची भीती वाटू नये म्हणून ते चित्र पुसलं, आणि त्या जागी ऑइलपेंटने मासा काढून माझ्याच दोन ओळी लिहिल्या:

निळ्या निळ्या पिंपा, तुझ्या पोटात काय?
चांदण्याचं पाणी आणि वाऱ्याचे पाय.

ती गाणं म्हणत पेला बुडवायची. मी टाळ्या वाजवायचो.

पनवेलच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात नवीन काही आलंय का, साबण, रंग, औषध? तू म्हणालीस, नाही. मी तुझ्या शेजारी पोरीच्या चपला मांडीवर घेऊन बसलो होतो. मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी गप्प राहिलो.

पिंप अजून भरलेलं आहे. ओतायला दोनदा गेलो. ओतलं तर त्यात काय होतं ते कधीच कळणार नाही, म्हणून हात थांबला. पोट बिघडल्याचं सांगून प्रितमला आणि मला बाटलीचं पाणी आणतो. त्यालाही सांगितलेलं नाही. पोरीच्या पोटात ते किती गेलं असेल, याचा हिशेब डोक्यात चालू होतो आणि मला बसवत नाही.

इथवर लिहिलं आणि दार वाजलं. पोस्टमन असेल म्हणून उघडलं, तर तुझी आई. एकटीच, उन्हातून आलेली. मी पाणी विचारलं. गोदूबाई उंबऱ्यातच थांबल्या.

"पानी नको, मास्तर. पोरीला कालपासून परत उलट्या हायेत. डाक्तर इचारतो, घरी कंचं पानी पिते. तुमचे पिंपातलं या बाटलीत भरून द्या."

बाटली घेऊन मी मोरीत गेलो. आज नळाला पाणी होतं. नळाखाली धरली असती तर कुणाला कळलं नसतं. क्षणभर धरलीही होती, हेही तुला कळू दे. मग ती ओतली आणि पिंपातून भरली.

त्या दारात उभ्या आहेत. हे पत्र त्यांच्याकडेच देतो, आधी डॉक्टरांना वाचायला दे, मग तू वाच. मी चप्पल घालून जासईला निघालोय. जगनकडे त्याच खेपेतली पिंपं कागदासकट उभी असतील. अक्षर न् अक्षर उतरवून सरळ तुमच्याकडे येतो. घरात घ्यायचं की नाही, ते तू ठरव.

तिला गाणं म्हणू देऊ नकोस.

काशिराम
(आबा असं लिहायला आज हात धजत नाही)