या शुक्रवारचा अल्बम

प्रिय टाचणी,

कागद बघून हसशील. छापखान्यातल्या कटिंगच्या उरलेल्या पट्ट्या आहेत, पिशवीत होत्या त्या काढल्या. टेकायला काही नाही, गुडघ्यावर धरून लिहितोय, त्यामुळे अक्षराला नावं ठेवू नकोस. तू फोन उचलत नाहीस, आणि समोरासमोर बोलायचं म्हटलं की माझं काय होतं ते तुला माहीत आहे. मी आधी हवापाण्यावर येतो, मग जेवलीस का विचारतो, आणि मुद्दा तसाच राहतो. आपलं खरं बोलणं आजवर शुक्रवारीच झालं. तेव्हा शुक्रवारचंच बोलू. नियमाप्रमाणे आधी माझा अल्बम.

या आठवड्यात मी बर्फवाले ऐकले. आपण बँडना ठेवलेल्या नावांतले तेच, घसा फाडून ओरडणारे, ज्यांच्या प्रत्येक कव्हरवर एक वठलेलं झाड असतं. मधलं काहीही न गाळता, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मशीनचे रोलर धुता धुता. आवडलेली जागा सांगायची तर चौथ्या गाण्यात सगळे एकदम थांबतात आणि नुसती बेस गिटार उरते. वीज गेल्यावर मोठ्या मशीनचं चाक आपल्याच वजनाने फिरत राहतं ना, तशी. मी डोळे मिटून उभा होतो तर बाइंडरला वाटलं मला चक्कर आली, तो पाणी घेऊन धावला. हे तुला सांगितल्यावर तू केवढी हसशील याचा हिशोब मी तिथेच करून ठेवला होता. पण सांगायला शुक्रवारच उरला नाही.

तुला आठवतं का, हे सगळं सुरू कसं झालं? तू कॉलेजात होतीस. दार लावून तुझी ती आपटाआपटीची गाणी चालायची, आणि आईने मला आवाज कमी करायला सांगायला पाठवलं. पत्र्यावर कोणी दगडांचा ट्रक रिकामा करतंय असं तिचं म्हणणं. मी चांगला रागावून आत आलो आणि दारातच थांबलो. ड्रमवाला दोन्ही पायांनी वाजवत होता आणि आमचं चार रंगांचं मशीन पूर्ण वेगात चालताना जसं वाजतं, अगदी तसं वाजत होतं. आयुष्यभर लोकांनी मला सांगितलं की तुमच्या कामात फार गोंगाट बुवा. आणि इथे कोणीतरी त्याच गोंगाटाचं गाणं केलं होतं. मी खाली बसलो. तू माझ्याकडे अशा संशयाने बघत होतीस, जणू मी विमा विकायला आलोय. गाणं संपल्यावर मी पुढचं लाव म्हटलं, तेव्हा तू नियम घातलास. गाणं नाही, अल्बम. पुरता ऐकायचा, आणि नंतर नुसतं छान होतं म्हणायचं नाही, एक जागा सांगायची. तू नोकरीला लांब गेलीस तरी नियम तसाच राहिला. दर शुक्रवारी तू काय ऐकतेयस, मी काय ऐकतोय. बापलेक दोघंही कामातून गेले, असं आत्या म्हणते. म्हणू दे. तिच्या मुलाशी तिचं बोलणं फक्त लाइटबिलावरून होतं.

गेल्या वर्षी तुझ्या खोलीवर आलो होतो तेव्हाची माझी फजिती तू सगळ्यांना सांगत फिरलीस. तू कामावर गेली होतीस, तुझ्या त्या लॅबमध्ये लोकांचे दात बनवायला, आणि मी तुझ्या रेकॉर्ड प्लेअरला पहिल्यांदाच एकट्याने हात लावला. सुतारांचा अल्बम लावला, ते ठोकाठोक करणारे. तर काय ते गांभीर्य! एकेक ठोका विहिरीत धोंडा टाकावा तसा. गाणारा तर थेट रेड्यावर बसून आल्यासारखा. मी दोन्ही बाजू भक्तिभावाने ऐकल्या, आणि तू आल्यावर म्हटलं की सुतार आता फार पोक्त झाले, मला गलबलून आलं. तू प्लेअरकडे बघितलंस आणि हसता हसता जमिनीवर बसलीस. मी वेगाचा खटका चुकीच्या आकड्यावर ठेवला होता. जलद फिरवायची रेकॉर्ड मी रांगत फिरवली होती. तू उठून बोटाने खटका सरकवलास आणि सुतार पुन्हा तरुण झाले. तुझ्या हाताला प्लॅस्टरची पांढरी भुकटी होती, ती खटक्याला लागली. ती तशीच राहिली असेल.

आता मी जे लिहिणार आहे ते मला कितीतरी दिवस म्हणायचं होतं आणि मी मूग गिळून बसलो. तू फोनवर मजेत आहे म्हणतेस. आईला दरवेळी सांगतेस की काम खूप आहे, झोप छान लागते. पण तुझे अल्बम तसं सांगत नाहीत, टाचणी. वर्षाच्या सुरुवातीला तू दर शुक्रवारी नवीन कोणीतरी शोधून आणायचीस, मला धाप लागायची. मग हळूहळू वेग कमी होत गेला. घंटावाले आले, ज्यांचं पहिलं गाणं सुरू व्हायलाच चहा निवतो. मला ते आवडलेही. मी तुला लिहिलं की शेवटी सगळे बाजे एका सुरावर येऊन थांबतात तेव्हा कोणीतरी खांद्यावर हात ठेवल्यासारखं वाटतं. तू उत्तर दिलंस, हो, म्हणूनच ऐकते. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. पुढच्या शुक्रवारीही घंटावालेच. त्याच्या पुढच्याही. मग तू जागा सांगायची बंद केलीस, नुसतं लिहिलंस, नेहमीचंच.

मशीन बिघडायच्या आधी मला आवाजावरून कळतं, हे तू लहानपणी मैत्रिणींना कौतुकाने सांगायचीस. कळतं, खरंच कळतं. पण मशीन मी थांबवू शकतो, झाकण उघडून आत हात घालू शकतो. तुझ्या बाबतीत कोणीतरी तो वेगाचा खटका चुकीचा सरकवून ठेवलाय असं मला वाटत राहतं, आणि तो कुठे असतो हेच मला माहीत नाही. कोणाला विचारू? आत्याला विचारलं तर ती म्हणाली, तसली रडकी गाणी बंद कर म्हणावं, आपोआप बरी होईल. मी तिच्यावर ओरडलो. बिचारी घाबरली. पण तिला कसं समजावू की ती गाणी तुला खाली ओढत नव्हती, तीच तुला धरून होती. माझी भीती गाण्यांची नव्हतीच. गाणी थांबतील ही भीती होती.

आणि या शुक्रवारी तुझा निरोप आला, या आठवड्यात काही ऐकलं नाही बाबा, तू ऐक.

मी मशीनपाशीच उभा होतो, पोरांनी कागद लावून ठेवला होता, आणि मला बटण दाबवेना. घरी जाऊन आईला दाखवलं. तिला आपल्या या प्रकरणातलं ओ की ठो कळत नाही असं आपण दोघं समजत होतो. तिने निरोप वाचला आणि म्हणाली, ते घंटावाल्यांचं लाव. मी हेडफोन काढून मोबाइलवरच लावलं. भाजीचं ताट मांडीवर तसंच ठेवून ती शेवटपर्यंत बसली. एकदाही आवाज कमी कर म्हणाली नाही. संपल्यावर म्हणाली, हिला एवढं जड होतंय आणि आपल्याला सांगता येत नाही होय. मग उठून माझी पिशवी भरायला लागली. तुझा निळा स्वेटर तिने वरच ठेवलाय. थंडी नाही म्हटलं, तरी ठेवला.

रात्रीच्याच गाडीने निघालो. पिशवी शेजारीच आहे, मी तुझ्या दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसलोय. सकाळी तू आतून, बाबा तू जा, एवढंच म्हणालीस, आणि मग रेकॉर्ड लावलीस. शेजारच्या शिवणकामवाल्या ताईंनी चहा दिला आणि तू कामावर जायची बंद झालीस तेही सांगितलं. मी दार वाजवलं, हाका मारल्या, कानाला कळत होतं तू आहेस, पण मला काही करता येत नव्हतं. मग माझ्या ध्यानात आलं की रेकॉर्डची एक बाजू संपली की कोणीतरी उठून ती उलटवावी लागते. आपोआप होत नाही. दर वेळी बाजू संपली की माझा जीव टांगणीला लागतो, मग तुझी पावलं वाजतात, सुई टेकते, आणि मी पुन्हा लिहायला लागतो. हे सगळं पत्र तसंच लिहिलंय, तुझ्या बाजू बदलण्यामधल्या वेळात. पण आत्ता घंटावाल्यांची दुसरी बाजू संपून बराच वेळ झालाय. सुई शेवटच्या खाचेत नुसती फिरतेय, टक, टक, मला दारातून ऐकू येतंय, आणि तुझी पावलं वाजत नाहीत. ताई घरमालकाकडे दुसरी किल्ली आणायला धावल्यात. ती आली की मी दार उघडणार, तुला राग आला तरी उघडणार. तोवर माझ्याकडे करण्यासारखं एवढंच आहे, हा कागद दाराखालून आत सरकवणं. काही सांगू नकोस. दारही नको उघडूस. फक्त ऊठ, बाळा, आणि बाजू बदल.

तुझाच, इथेच बसलेला,
बाबा