परतीच्या फेरीत दाताची खुर्ची

तीर्थस्वरूप आत्या,

कमरेची तक्रार असल्यामुळे यावेळचा साष्टांग नमस्कार मनातल्या मनात घातला आहे, तो पोचला असं समज. तुझे गुडघे कसे आहेत? तू ताईच्या बाळंतपणाला गेलीस, आता तिची तब्येत सुधारली असेल. बाळ माझ्यावर गेलंय असं तू कळवलंस. ताईला म्हणावं, काळजी करू नकोस, मुलं मोठेपणी बदलतात (मी बदललो नाही, ही गोष्ट वेगळी).

तू फोनवर दोनदा विचारलंस की माझा आवाज तोंडात बोळा धरल्यासारखा का येतोय. मी म्हणालो, रस्त्यात रेंज नसते. ते खोटं होतं. खालची डावी दाढ तीन आठवडे ठणकत होती आणि मी गालात लवंग धरून गाडी चालवत होतो. तुला सांगितलं असतं तर तू डॉक्टरकडे जा म्हणाली असतीस, आणि नेमकं तेच मला ऐकायचं नव्हतं. बावीस चाकांची गाडी मी घाटात उलटी घेतो, पण दाताच्या डॉक्टरचं नाव काढलं की माझे पाय गार पडतात.

तर फरशीचा माल उतरवला आणि परतीच्या भाड्याची वाट बघत आम्ही आठ-दहा जण दलालाच्या ऑफिसबाहेर चार दिवस बसलो. तिथे दुसरा विषयच नसतो. कुणाला कुठला माल मिळाला, कोण रिकामा परत गेला, रिकाम्या गाडीला डिझेल किती लागतं. आमच्यात एक जण आहे, सगळे त्याला मास्तर म्हणतात, कारण तो न विचारता शिकवतो. त्याचं म्हणणं, रिकामी गाडी माणसाला जास्त दमवते; माल असला की आपण कुणाचं तरी काम करतोय असं वाटतं, रिकाम्या फेरीत नुसतं आपलं आयुष्य आठवत राहतं. (मी हसलो नाही. हसलं की दाढेत कळ जायची.)

चौथ्या दिवशी दलालाने बाहेर येऊन सांगितलं, अर्ध्या गाडीचा माल आहे, कपाटं, खोकी आणि एक जड खुर्ची. मालकीण सोबत येणार. सोबत माणूस म्हटल्यावर बाकीच्यांनी माना फिरवल्या. मी हो म्हणालो, कारण माल आपल्याच गावी जायचा होता. हमालांनी तिसऱ्या मजल्यावरून खुर्ची उतरवली तेव्हा मला ती न्हाव्याची वाटली. मग तिच्या डोक्यावरचा दिवा दिसला, आणि पाठोपाठ बाई आल्या, पस्तिशीच्या, किरकोळ बांध्याच्या, मनगटं मात्र मेकॅनिकसारखी. दातांच्या डॉक्टरीणबाई. तोवर पावती फाटली होती.

केबिनमध्ये मी मान उजवीकडे वळवूनच बसलो. तासाभराने त्या शांतपणे म्हणाल्या, "आरसा डावीकडेही आहे, तिकडे तुम्ही बघतच नाही." मी म्हटलं, सवय आहे. त्या म्हणाल्या, "लवंगेचा वास मला बसल्या बसल्याच आला." मग मी विषय बदलला आणि दवाखाना का बंद केला ते विचारलं. सात वर्षं चालवला म्हणाल्या, पण तिसरा मजला, लिफ्ट नाही. "लोकांचे दात दुखतात हो, पण तीन जिने चढण्याइतके दुखत नाहीत." आता त्या आपल्या गावात कुणाच्या तरी मोठ्या दवाखान्यात हाताखाली काम करायला निघाल्या होत्या. हे सांगताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

पुढे नाक्यावरचा गाड्यांचा वजनकाटा बिघडलेला. भर दुपारी दीड मैल रांग, आणि आमच्या पुढेच मास्तरची गाडी. गाडी थांबल्यावर दाढेने असा काही ठोका दिला की मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. बाई खाली उतरल्या, मागे गेल्या, ताडपत्री सोडली, मास्तरच्या मदतीने फाळका उघडला आणि खुर्चीवरची चादर काढली. "ऊन चांगलं आहे, दिव्याची गरज नाही," म्हणाल्या. पळून जायला जागा नव्हती. पुढे गाड्या, मागे गाड्या. मी बसलो. सुई टोचली ती कळली, नंतर नुसता कडकड आवाज, आणि तीन आठवड्यांचं दुखणं त्यांच्या चिमट्यात. मी ओरडलो नाही. (मास्तर सांगतो की ओरडलो, आणि हॉर्न समजून एकाने गाडी बाजूला घेतली. तो जाईल तिथे हेच सांगतो.)

आत्या, मी तोंडात कापूस धरून खाली उतरलो तर मागे अकरा ड्रायव्हर उभे. कुणाची दाढ हलतेय, कुणाला वर्षभर एका बाजूनेच खावं लागतंय. आम्ही गावात पोचतो तेव्हा दवाखाने बंद आणि दवाखाने उघडे असतात तेव्हा आम्ही रस्त्यावर, त्यामुळे सगळे माझ्यासारखेच लवंगवाले. काटा सुरू होईपर्यंत बाईंनी सगळ्यांची तोंडं बघितली, दोघांच्या दाढा काढल्या, उरलेल्यांना वहीत वेळा लिहून दिल्या. वार विचारला तर कुणालाच सांगता येईना. तेव्हा मास्तर म्हणाला, "बाई, आम्हाला वार नसतो. परतीची फेरी लिहा." त्यांनी तसंच लिहिलं: फरशीवाला, परतीच्या फेरीत. सिमेंटवाला, परतीच्या फेरीत. वही मिटून त्यांनी रांगेतल्या गाड्या मोजल्या. मग म्हणाल्या, हमरस्त्याला लागून, तळमजल्यावर, गाडी लावायला जागा असलेली एखादी खोली तुमच्या बघण्यात आहे का?

मी म्हटलं, बघतो. बाकी सगळं ठीक. ताईला नमस्कार, बाळाला पापा.

तुझा भाचा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. तुझी हमरस्त्याकडची पुढची खोली, काकांच्या सायकल दुकानाची, सहा वर्षं बंद आहे. भाडेकरू भिंतीला खिळे ठोकतात म्हणून तू ती कुणाला देत नाहीस, हे ठाऊक आहे. बाई खिळे ठोकणार नाहीत, मी विचारून घेतलं आहे. विचार करून कळव.

ता. ता. क. खुर्ची तिथे मंगळवारीच उतरवली. तू किल्ली कुंड्यांना पाणी घालायला दिली होतीस, हे मला मान्य आहे. कुंड्यांना पाणीही घातलं. काकांची हवा भरायची नळी बाईंनी काढू दिली नाही. ड्रायव्हर लोकांना उपयोगी पडेल म्हणाल्या. आतापर्यंत सहा जण येऊन गेले.

आणखी एक. त्या खोलीतलं फडताळ रिकामं करताना पत्र्याच्या डब्यात तुझी कवळी सापडली. रोज घालते असं तू आम्हा सगळ्यांना सांगत आलीस. मी कुणाला बोललो नाही. बाई म्हणतात तुझा दोष नाही, मापच चुकलंय, नवी करून देतील. तू आल्यावर बुधवारची पहिली वेळ तुझी. खोलीबद्दल मला जे काही बोलायचं असेल ते तेव्हाच बोल. मी शेजारीच उभा असेन, आणि तुझं तोंड बाईंच्या ताब्यात असेल.