वहीतल्या चौदा रचना कोणाच्या

मृत्युपत्र लिहून ठेवणार मी : वय वर्षे शहात्तर, व्यवसाय नृत्य शिकवणे, राहणार शिंप्याच्या दुकानावरचा मजला. आज माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असं वकिलांनी सांगितलं. हा कागद मी कोणाच्या धाकाने किंवा आग्रहाने लिहीत नाही. आग्रह करायला घरात दुसरं माणूसच नाही. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं, ते रद्द समजावं. त्यात मी फार मोठा माणूस होतो.

कलम एक : घर

दोन खोल्या आणि त्यांना लागून असलेला नाचाचा हॉल, एवढी माझी मिळकत. हॉलच्या खाली शिंप्यांचं दुकान आहे. छत्तीस वर्षं मी त्यांच्या डोक्यावर पाय आपटले. फार झालं की ते लाकडी गजाने खालून छत ठोकायचे आणि मी विद्यार्थिनींना सांगायचो, "थांबू नका, ते ताल देताहेत." एकदा त्यांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "गुरुजी, तुमच्या पायांपायी माझी बाही वाकडी जाते हो." मी हसण्यावारी नेलं. आता वर फारसा आवाज होत नाही, तर तेच रोज सकाळी अर्धा जिना चढून विचारतात, "आहात ना?" मी म्हणतो, "आहे." दिवसभरात मी बोललेला तो बरेचदा एकच शब्द असतो.

हॉल त्यांना द्यावा. उजेड चांगला आहे, मशीन खिडकीशी मांडावी. राहत्या दोन खोल्या विकाव्यात, बँकेत जे असेल ते त्यात घालावं आणि कलम चारमधलं काम करावं. त्यातून काही उरलं तर ते शिंप्यांच्या सुनेला द्यावं. माझ्या आजारपणात तिने डबे पोचवले आणि एकदाही बोलून दाखवलं नाही.

हॉलमधला भिंतभर आरसा माझ्या थोरल्या शिष्येला देऊ नये. ती मागेल. तिची मोठी नृत्यशाळा आहे आणि तिथे आरसे मुबलक आहेत. आरसा शिंप्यांकडेच राहू द्यावा; गिऱ्हाइकांना उपयोगी पडेल.

कलम दोन : घुंगरू

माझे दोन्ही पायांचे घुंगरू लोखंडी पेटीत आहेत. ते बँकेतल्या बाईंना द्यावेत. या बाई निवृत्त झाल्यावर, वयाच्या साठाव्या वर्षी, नाच शिकायला आल्या. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "फार उशीर झाला." त्या म्हणाल्या, "मला कुठे गाडी पकडायचीय?" सहा वर्षं झाली. त्यांचा डावा पाय अजून आळशी आहे आणि सम, म्हणजे जिथे फिरून यायचं ती तालाची पहिली मात्रा, त्यांना दहात सात वेळा सापडत नाही. पण बाकीच्या सगळ्या गेल्या आणि बाई मात्र आठवड्यातून तीनदा येतात. मला आता शिकवता येत नाही, तरी येतात.

घुंगरांबद्दल एक गोष्ट इथे लिहून ठेवणं भाग आहे. लग्नाआधी माझी बायको आणि मी एकाच गुरूंकडे शिकत होतो. ती माझ्यापेक्षा सरस होती. लग्नानंतर दोघांपैकी एकानेच नाचावं असं मला वाटलं, आणि तो एक मी, हे ठरवायला मला क्षणभरही लागला नाही. तिचे घुंगरू कपाटात पडून राहिले. माझे तुटत, हरवत. मग मी तिच्या दोरीतले काढून माझ्या दोरीत ओवत गेलो. दहा-बारा वर्षांत तिची दोरी मोकळी झाली. आता त्यांतले कोणते तिचे आणि कोणते माझे, मलाही ओळखता येत नाहीत. बाईंना विनंती, की ते वेगळे करू नयेत.

कलम तीन : वैर

मी आयुष्यात एकाच माणसाशी वैर धरलं. एका वर्तमानपत्रात नाचगाण्यावर लिहिणारे एक गृहस्थ होते. त्यांनी लिहिलं, "गुरुजींचा नाच पुरुषी आहे, पण त्यांच्या रचना ऐकताना बाईच्या हातचं काहीतरी आपल्यापुढे येतंय असं वाटतं." लोकांनी ते मला चिडवायला वापरलं. मी त्या गृहस्थांशी अकरा वर्षं बोललो नाही. एका लग्नात ते समोर आले तेव्हा मी खुर्ची फिरवून बसलो. ते आता हयात नाहीत. त्यांचं बरोबर होतं. वैर मी मागे घेतो, उशिरा का होईना.

कलम चार : वही

काळ्या पुठ्ठ्याची एक वही टेबलाच्या खणात आहे. तीत चौदा रचना आहेत. वकिलांसाठी खुलासा : रचना म्हणजे पायांनी वाजवायच्या बोलांची बांधणी. आधी तोंडाने म्हणायची, मग पायांनी. माझं जे काही नाव झालं, ते या चौदांवर झालं. प्रत्येकीखाली माझी सही आहे.

त्या माझ्या बायकोच्या आहेत.

ती भांडी घासताना, कपडे पिळताना बोल म्हणायची. मी दाराशी उभा राहून ऐकायचो आणि लिहून घ्यायचो. सुरुवातीला मी तिला विचारायचो, "हे घेऊ का?" ती म्हणायची, "घ्या की, मला काय करायचंय?" पुढे मी विचारणं सोडून दिलं. कार्यक्रमात ती तबलजींच्या शेजारी बसून बोल म्हणायची आणि मी नाचायचो. छापलेल्या पत्रकावर तबलजींचं नाव असायचं, सारंगीवाल्याचं असायचं, तिचं नसायचं. एकदा तिने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "तू काय परकी आहेस का नाव घालायला?" त्यावर ती हसली होती. खरोखर हसली होती, असं मी पुष्कळ वर्षं धरून चाललो.

एकोणतीस वर्षांपूर्वी मला एक मोठा सन्मान मिळाला. भरल्या सभागृहात निवेदकांनी विचारलं, "ही अकरावी रचना तुम्हाला सुचली तरी कशी?" मी सांगितलं, की एके दिवशी पहाटे फिरायला गेलो असताना ती आपोआप पायांत आली. तेव्हा तिसऱ्या रांगेतून माझी मुलगी उभी राहिली. सोळा वर्षांची होती. मोठ्याने म्हणाली, "ती आईची आहे. आईने ती पडदे धुताना केली. मी तिथेच होते."

माझ्या हातात माईक होता. मी म्हणालो, "आमच्या घरात सगळंच आईचं असतं बरं का!" सभागृह हसलं. टाळ्याही पडल्या. मुलगी उभीच राहिली. लोक हसायचे थांबले तरी ती उभी होती, मग आईने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

आम्ही घरी परतलो. दाराचं कुलूप काढताना बायको म्हणाली, "माझं राहू दे. तुम्ही पोरीला खोटं पाडलंत." एवढंच. त्यानंतर ती सतरा वर्षं जगली. स्वयंपाक केला, माझी पथ्यं सांभाळली, विद्यार्थिनींना चहा दिला. पण बोल म्हणून तिच्या तोंडून पुन्हा निघाला नाही. भांडी घासताना फक्त भांड्यांचा आवाज यायचा. वही चौदावर थांबली. लोक म्हणाले, गुरुजी आता शिकवण्यात रमले. मी लोकांना तसं म्हणू दिलं.

शेवटच्या दिवशी दवाखान्यात तिचं एक बोट चादरीवर हलत होतं. मी नीट पाहिलं. नुसतं हलत नव्हतं, मोजून पडत होतं. साडेसहा मात्रांनंतर एक अडखळ, मग पुन्हा. असं काही मी आजवर ऐकलेलं नव्हतं. मी वाकून विचारलं, "काय आहे गं?"

ती म्हणाली, "माझं आहे."

आणि मूठ मिटली.

सबब या कलमान्वये मी जाहीर करतो, की वहीतल्या चौदाही रचना माझ्या पत्नीच्या आहेत. वही छापावी. वर तिचं नाव, माहेरचं आणि सासरचं दोन्ही, ठळक अक्षरात असावं. माझं नाव कुठेही नसावं; लेखनिक म्हणूनही नको. प्रती विकू नयेत, शिकणाऱ्यांना द्याव्यात. माझ्या नावाने शोकसभा होईल, थोरली शिष्या ती केल्याशिवाय राहणार नाही. तिला अट अशी : आधी हे कलम संपूर्ण वाचावं, मग खुशाल नाचावं. आणि अकरावी रचना दुप्पट लयीत नाचू नये. ती टाळ्यांसाठी केलेली नाही.

कलम पाच : मुलगी

माझ्या मुलीला या मृत्युपत्रान्वये काहीही दिलेलं नाही. कारण पुढे आहे.

विसाव्या वर्षी ती घर सोडून गेली. आई गेली तेव्हा आली, दवाखान्याच्या व्हरांड्यात दुसऱ्या टोकाला उभी राहिली आणि तशीच परत गेली. ती कुठे असते, काय करते, मला ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी शिंपी नवा चष्मा लावून वर आले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर खाली बघत म्हणाले, "गुरुजी, चष्म्याचं दुकान तुमच्या मुलीचं आहे. मी तिथे चार वर्षं जातोय. सांगावं की नाही, कळत नव्हतं."

मी गेलो. तिने मला ओळखलं. 'बाबा' म्हणाली नाही, 'काका'ही म्हणाली नाही. "बसा. हनुवटी इथे ठेवा. वाचा." मी अक्षरं वाचली. खालची ओळ दिसत नव्हती, तरी अंदाजाने वाचली. ती म्हणाली, "दिसत नसेल तर नाही म्हणा. अंदाज सांगू नका." आठवड्याने चष्मा तयार झाला. तो माझ्या नाकावर ठेवून तिने दोन्ही अंगठ्यांनी कानामागे दांड्या बसवल्या. पंचवीस वर्षांत तिचा हात मला लागला नव्हता. मला वाटलं, चष्मा जरा वाकडा असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी सुरीच्या टोकाने स्क्रू सैल केला आणि परत गेलो. असं तीनदा केलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "हा स्क्रू आपोआप सैल होत नाही."

"माहीत आहे," मी म्हणालो. "एक काम होतं. सही हवी होती. मृत्युपत्रावर, साक्षीदार म्हणून."

"मला तुमचं काही नकोय."

"म्हणूनच विचारतोय. ज्याला काही मिळायचं नाही, तोच साक्षीदार चालतो."

ती बराच वेळ काच पुसत राहिली. मग म्हणाली, "वाचल्याशिवाय मी सही करत नाही."

दुरुस्ती

वरील मजकूर आज दुपारी माझ्या मुलीने हॉलमध्ये उभं राहून वाचला. समोरच्या दवाखान्यातले डॉक्टरही साक्षीदार म्हणून हजर होते. कलम पाच तिने शेवटपर्यंत वाचलं. मग पानं उलटून पुन्हा कलम चारवर गेली, वही मागून घेतली आणि एकेक रचना ओठांतल्या ओठांत म्हणत पुढे सरकली. नवव्या पानावर थांबली.

"ही आईची नाही."

मी म्हणालो, "सगळ्या तिच्याच आहेत."

"ही नाही. मला कांजिण्या आल्या होत्या, आई गावाला गेली होती. मी खाजवू नये म्हणून तुम्ही माझा हात धरून तळव्यावर बोल वाजवत बसला होतात. दोन दिवस. ते हेच."

मला आठवत नव्हतं. ती टेबलावर बोटांनी वाजवायला लागली, आणि चौथ्या आवर्तनाला आठवलं. तिची लय जरा चढत होती. मी ते बोललो नाही.

"असू दे," मी म्हणालो. "आईच्याच नावावर राहू दे ती."

"नाही. आईने दुसऱ्याचं कधी घेतलं नाही. खोडा आणि नीट लिहा."

सबब कलम चारमध्ये 'चौदाही' या शब्दाऐवजी 'तेरा' असं वाचावं. क्रमांक नऊची रचना माझी आहे. छापताना तेवढ्या एका रचनेखाली माझं नाव घालावं, लहान अक्षरात. खाडाखोडीवर मी आणि दोन्ही साक्षीदारांनी आद्याक्षरं केली आहेत.

मी तिला बसायला सांगितलं. दुकान उघडं टाकून आलेय, म्हणाली, आणि उभ्यानेच सही करून गेली. जिन्यात तिची पावलं मी शेवटपर्यंत ऐकली. खाली शिंप्यांशी ती बरंच काही बोलली. शब्द कळले नाहीत.

ठिकाण : शिंप्याच्या दुकानावरचा मजला, नाचाचा हॉल
दिनांक : चालू महिन्याचा तिसरा गुरुवार, दुपारी पावणेदोन

लिहून ठेवणार : (सही) नृत्यशिक्षक

साक्षीदार पहिले : (सही) डॉक्टर, समोरचा दवाखाना. लिहून ठेवणाऱ्याशी नातं : नाही.

साक्षीदार दुसरे : (सही) चष्म्याच्या दुकानाच्या मालक. लिहून ठेवणाऱ्याशी नातं : ही जागा मी कोरी सोडली होती. साक्षीदाराने स्वतःच्या हाताने लिहिलं आहे : मुलगी.