जाण्याची राखण

पप्पा, पोरगी आज गेली. तुमची नात, जिला तुम्ही पाहिलंच नाही. परळीहून रेल्वेने मुंबई, तिथून इस्रायल. तिच्या आत्याकडे राहून नर्सचं काम करणार आहे. निघताना ती दारात उभी राहिली आणि माझी पंचाईत झाली, म्हणून तुम्हाला लिहितोय.

तेच दार. चौकटीवर तिरकी ठोकलेली, देवाच्या वचनांची गुंडाळी पोटात घेतलेली मेझुझाची डबी. वीजकेंद्रावर ड्युटीला निघताना तुम्ही तिला बोटं लावून ओठांना लावायचात आणि ते एकशे एकविसावं स्तोत्र म्हणायचात, डोंगरांकडे बघत मदत कुठून येईल असं विचारणाऱ्या माणसाचं. आधी हिब्रूत, मग माझ्यासाठी मराठीत. राखणारा डुलकीसुद्धा घेत नाही. तुझं जाणं राखील, तुझं येणं राखील. समोरच्या काकू एकदा म्हणाल्या, "भाऊ, देवाला त्या डबीत कावून कोंडलंय वो? गुदमरल की!" तुम्ही हसून म्हणालात, "देव न्हाई काकू, त्याची चिठ्ठी हाय." आसपास यहुदी घर आपलं एकच, तेव्हा असल्या शंका रोजच्याच.

माझी शंका वेगळी होती. आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. मग प्रार्थनेत जाण्याचं नाव कशाला? असं विचारलं म्हणून आईने पाठीत धपाटा घातला. तुम्ही बूट चढवत होता. म्हणालात, "आपण भितो म्हणून बोलत नाही. स्तोत्र भीत नाही. काही वाईट होणारच नाही, असं थोडंच आहे? पण माणूस जाईल तिथे एकटा नसेल." मला ते उत्तर पळवाटेचं वाटलं.

मग तो मे महिना. दुपारच्या पाळीला तुम्ही अख्खं स्तोत्र म्हणून गेलात. बॉयलरजवळ छातीत कळ आली, आणि अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. गाडीत तुमच्याजवळ बसलेले तुमच्या पाळीतले फिटरचाचा आईला सांगत होते, "भाभी, शेवटपर्यंत ओठ हलत व्हते बघा. लई शांत गेले." आईला त्याने धीर आला. मला संताप आला. डुलकी न घेणारा तेव्हा काय करत होता? त्यानंतर डबीला बोटं लावत राहिलो, आईला बरं वाटावं म्हणून; स्तोत्र मात्र तोंडात घेतलं नाही. आई म्हणायची, मी चपला चढवायचो. आता आईही नाही.

आज पोरगी पाठीला बॅग लावून डबीवर हात ठेवून थांबली. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. "पप्पा, म्हणा ना. आजी असती तर तिने म्हटलं असतं." मी सुरुवात केली. इतक्या वर्षांनी शब्द सगळे जागच्या जागी होते, याचाही राग आला. जाण्याच्या ओळीपाशी अडलो. ती थांबून राहिली. मी ओळ पुरी केली आणि ती रिक्षात बसली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून सांगून टाकतो. तुम्ही सांगितलेला अर्थ मला अजूनही पटलेला नाही, पप्पा. पण तिच्याबरोबर पाठवायला माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं.