माय, तुहं लाल बटन

माय,

तिकडं तरी झटकन पोहोचली का वो? काल माहा ऑटो घरी आला आन कालच एक गोष्ट झाली. ते तुले सांगितल्याबिगर मले घास गिळवत नाई, म्हनून लिहून राह्यली.

आठवते तुले ते दुपारची सिरियल? त्यातली बाई कमरपट्ट्याचं बटन दाबे आन पायजे तिथं जाऊन उभी राहे! तू तं येडीच झाली होती त्या पट्ट्यापायी. जुन्या कोटाचं लाल बटन काढलं आन कमरेच्या पानाच्या चंचीवर शिवलं. "चाल वो सुमन, पैनगंगेपल्याड, माह्या माहेरी!" म्हनून दाबायची आन सोताच हसत सुटायची. खरंच असता असा पट्टा, तं देवाचं काय बिघडलं असतं?

तुह्या छातीत कळ आली त्या दिवशी तू वट्ट्यावर बसून तेच बटन दाबून राह्यली होती. समोरच दिगांबरची नवी जीप उभी, हार घातलेली. तोच शेजारचा दिगांबर, ज्याले लहानपनी तू आपल्या ताटातलं भरवलं. मी त्याच्या पाया पडली. तो म्हने, "अक्का, गाडीची पूजा नाई झाली अजून. पयल्या फेरीले बिमार मानूस कसं बसवू? अपशकून होते." आग लागो त्याच्या शकुनाले!

आन तू? "जाऊ दे वो, नवी गाडी हाये त्याची." काऊन त्याची बाजू घेतली, माय? मरतानाही दुसऱ्याच्या गाडीची काळजी! अँबुलन्स आली उशिरा, आन इंद्रवेल्लीच्या दवाखान्याच्या अलीकडंच तू मान टाकली. बटनावरचं तुहं बोट मी सोडवलं.

ऑटो चालवायले पोटासाठी शिकली, असं लोकायले सांगते. तुह्याजवळ काय लपवू? त्याले दाखवायसाठी शिकली.

काल ऑटोले हारही घातला नव्हता, तं दिगांबर पळत आला. त्याच्या मायले, आपल्या गंगूमावशीले, दम लागला होता. त्याची पुजलेली जीप लिंबू-मिरचीसकट अंगनात बंद पडलेली.

"अक्का, चाल ना वो! माय जाते माही!"

"पूजा नाई झाली, दिगांबर," मी म्हनली.

सारी गल्ली ऐकत होती. त्याचं तोंड उतरलं, आन मले बरं वाटलं. लई बरं वाटलं, माय! मंग मावशीकडं नजर गेली. दारात बसून ते ऑटोकडं पाहून राह्यली होती, तू बटनाकडं पाहे तशी.

"घेऊन ये तिले," मी म्हनली. त्यानं मायले बसवलं, बायकोले बसवलं, आन सोताचा पाय आत टाकला.

"तू नाई. तू पायी ये."

आला की पायी! दवाखान्यात पोहोचला तवा घामानं निथळत होता. मावशीच्या नाकाले नळी होती, पन डोळे उघडून बोलत होती. तिले पाहून तो ढसाढसा रडला. रडू दे. मी त्याले पानीही नाई विचारलं.

तू असती तं म्हनली असती, "सोड आता, सुमन." नाई सोडत! मी काई तुह्यासारखी देवमानूस नाई.

तुहं लाल बटन म्या हॉर्नच्या बाजूले चिकटवलं हाये. तुही आन घेऊन सांगते, या ऑटोची पूजा मी जलमभर करनार नाई. रोज सकाळी त्याच्या दारापुढं थांबून हॉर्न वाजवीन, "बिमार, बाळंतीन, कोनाले जायचं हाये का?" म्हनून वरडीन. त्याची माय बसंल, बायको बसंल, लेकरं बसतील.

तो मात्र पायीच येईल.

तुही,
बिनापूजेच्या गाडीवाली सुमन