चारशे बारावी चौकट

३ फेब्रुवारी

पोचले एकदाची. कॅम्पपासून इथपर्यंत तीस किलोमीटर नुसती मिठागरं. डोळ्यांवर हात धरून बसले होते, इतकं पांढरं. मुकादम क्लाइव्ह गाडी चालवत होता. बाकी सगळे कॅम्पमध्ये राहतात, तिथे जेवण आहे, बार आहे, माणसं आहेत, तू धक्क्यावरची एकटी खोली मागून का घेतलीस, असं त्याने दोनदा विचारलं. मला शांत आवडतं म्हटलं. तो म्हणाला, शांत म्हणजे किती शांत ते कळेल.

खोली पत्र्याची असली तरी छान आहे. पलंग, टेबल, किटली, छोटा फ्रिज, खडखडणारा एसी. एका खिडकीतून मीठ, दुसरीतून समुद्र. दारापासूनच धक्का सुरू होतो आणि जवळजवळ दोन किलोमीटर पाण्यात जातो. त्याच्यावरून मिठाचा पट्टा धावतो, टोकाला बार्ज लागतात, त्या मीठ घेऊन खोल पाण्यातल्या जहाजांकडे जातात.

नऊ वर्षं आईच्या खोलीतली घंटी वाजली की उठत होते. ऑक्टोबरात आई गेली. चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच असं घर मिळालंय जिथे मला कुणी हाक मारणार नाही. टोस्टवर वेजिमाइट लावून पायरीवर बसून खाल्लं. बरं वाटलं.

५ फेब्रुवारी

काम सोपं आहे. पट्ट्याखाली रोलर आहेत, रोलर लोखंडी चौकटीत बसवलेत, चौकटींना नंबर आहेत, माझ्या दारापाशी एक, टोकाला सहाशे. दोन वेळा चालत जायचं आणि प्रत्येक चौकटीच्या समुद्राकडच्या बेअरिंगवर पिस्तुलासारख्या तापमापीचा नेम धरायचा. तिकडे जायला वाट नाही, खाली सरळ पाणी, म्हणून पट्ट्याच्या वरून पलीकडे नेम. चाप ओढला की आकडा येतो. हात लावावा लागत नाही. पन्नास-पंचावन्न ठीक. ऐंशीच्या वर गेलं तर रेडिओवर सांगायचं आणि पट्टा थांबवायचा, नाहीतर रबर पेट घेतं.

क्लाइव्हने नीट शिकवलं. लाल ठिपका फक्त नेमासाठी असतो, तो काही मोजत नाही. यंत्राला फक्त समोरचा पृष्ठभाग कळतो, आतलं काही नाही. त्याने मला गाडीच्या बंद काचेतून सीटवर नेम धरायला लावला. ठिपका सीटवर पडला, पण आकडा आला काचेचा. डोळ्याला काच दिसत नाही, पण याला दिसते, तो म्हणाला.

१० फेब्रुवारी

आता हात बसला. सकाळी सहाला निघते, नऊपर्यंत परत. दुपारी पुन्हा. मधल्या वेळात दिसेल ते मोजते. पायरी बासष्ट. चहा पंच्याऐंशी. माझं मनगट तेहतीस. एका सीगलवर नेम धरला, त्याने शिव्या घातल्या.

बोलायला रेडिओवर सेला आहे. कंट्रोल रूममध्ये बसते, तीस किलोमीटरवर. टोंगा बेटांवरची, वय अठ्ठावीस, तोंडाला कुलूप नाही. पहिल्याच दिवशी मला मावशी करून टाकलं. मी आकडे देते, ती मध्येच तिच्या सासूचं सांगते. काल म्हणाली, मावशी, तुझ्यासाठी नारळाच्या दुधातला मटणाचा पदार्थ पाठवते, तुझे ते टोस्ट खाऊन तू मिठात खारवलेली राहशील. हसताना मी अठ्ठ्याण्णव नंबर मोजायचा विसरले आणि परत मागे गेले.

रविवारी सगळे घरी फोन लावतात. मी फोनमधली नावांची यादी पाहिली, आणि चहा केला.

१४ फेब्रुवारी

आज गंमत झाली. चारशे अकरा, त्रेपन्न. चारशे तेरा, बावन्न. मधल्या चारशे बाराला १९.४. बाहेर एक्केचाळीस डिग्री, पायाखालचं लोखंड भाजतंय, आणि चालत्या बेअरिंगला एकोणीस? दहा वेळा मोजलं. तेवढंच.

क्लाइव्ह आला. चकचकीत धातू आरशासारखा थंड आभाळ दाखवतो, म्हणाला, त्यामुळे यंत्र फसतं. पट्टा थांबवून त्याने लांब काठीने बेअरिंगवर काळी चिकटपट्टी लावली. मग पट्टा चालू करून स्वतः मोजलं. एक्कावन्न. बघ, म्हणाला. मी त्याच्याच हातातून यंत्र घेऊन त्याच्याच जागी उभी राहून चाप ओढला. १९.४.

तो हसला. तुझा नेमच थंड आहे, म्हणाला. मीही हसले.

१७ फेब्रुवारी

चारशे बारा आता ठीक आहे. एक्कावन्न, माझ्या हातूनही. पण परवा तीनशे ऐंशीला १९.४ आलं, काल तीनशे चौतीसला, आज दोनशे नव्व्याण्णवला. नवं यंत्र मागून घेतलं, त्यातही तेच.

ठिपका बरोबर बेअरिंगवर पडतो. आकडा बेअरिंगचा नाही. मला गाडीची काच आठवली. म्हणजे माझ्या आणि बेअरिंगच्या मध्ये काहीतरी आहे, जे मला दिसत नाही आणि यंत्राला दिसतं.

यंत्र हळूहळू वर-खाली फिरवून पाहिलं. पट्ट्यापासून माझ्या डोक्याएवढ्या उंचीपर्यंत १९.४. त्याच्या वर एकदम आकडा बदलतो. डावीकडे-उजवीकडे रुंदी साधारण माझ्या खांद्यांएवढी.

हे सेलाला सांगितलं नाही.

२० फेब्रुवारी

सेला आजपासून बारा दिवस सुट्टीवर. जाण्याआधी तिला सहज विचारलं, माझ्याआधी इथे कोण होतं. ओवेन पास्को, ती म्हणाली. घुम्या माणूस, वर्षभर कुणाशी धड बोलला नाही. आणि शेवटच्या आठवड्यात काय झालं कोण जाणे, एकदम मोकळा झाला, कॅम्पवर येऊन सगळ्यांना मिठ्या मारल्या, नोकरी सोडून दक्षिणेला बायकोकडे गेला. बायको म्हणते, इतका प्रेमळ कधीच नव्हता. इथली हवा मानवते लोकांना, मावशी, सेला म्हणाली.

तिच्या जागी ब्रेंटन आलाय. आकडे घेतो आणि बटण सोडतो. एकदा मी त्याला, बरं आहे का, विचारलं तर म्हणाला, फक्त आकडे.

चौकट दोनशे बावीस.

२३ फेब्रुवारी

आज चौकटीपाशी जे उभं असतं त्याच्याशी बोलले. लिहायलाही लाज वाटते. तीन दिवसांत माझ्या तोंडून आकड्यांशिवाय शब्द निघाला नव्हता. एकशे एक्क्याऐंशीला उभी राहिले आणि म्हटलं, ऊन फार आहे नाही.

काही झालं नाही. पट्टा घरघरत होता. मग चाप ओढला. २०.६.

पुन्हा बोलले. माझं नाव कोरली, म्हटलं. पोर्ट ऑगस्टाहून आले. २१.

२६ फेब्रुवारी

चौकट एकशे तीस. सव्वीस डिग्री.

रोज तास-तास उभी राहते. आईचं सगळं सांगितलं. शेवटच्या महिन्यात घंटी वाजली तरी मी एकदा मुद्दाम उठले नव्हते, उशी कानावर घेऊन पडून राहिले होते, हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. सांगताना आकडा चढत गेला. कोणी ऐकतंय हे असं आकड्यात दिसणं — रडूच आलं मला. आई, तूच आहेस का, विचारलं. आकडा तिथेच थांबला. आई नाही. पण कोणीतरी आहे. इतके दिवस फक्त मीच होते.

परत येताना उन्हात काकडले. मनगट मोजलं. एकोणतीस.

१ मार्च

चौकट एकोणचाळीस. त्याचे तेहतीस. माझे चोवीस.

खोलीत एसी बंद, स्वेटर घालून बसलेय. बाहेर चव्वेचाळीस डिग्री आहे. चहाचा कप हातात धरला की तो पाचच मिनिटांत थंड होतो.

आज तिथे उभी राहून मुद्दाम बोलले नाही. ओठ घट्ट मिटून धरले. तरी आकडा चढला. आता बोलायचीही गरज उरली नाही.

ब्रेंटन म्हणाला, तुझा आवाज तुटतोय, परत सांग. चार वेळा सांगितलं. शेवटी त्याने बटण सोडलं.

३ मार्च

काल यंत्र घेऊन बाहेर पडलेच नाही. खोलीतूनच, दार किलकिलं करून पायरीवर नेम धरला. पायरी साठ असायला हवी. छत्तीस आली. ते पायरीवर बसलंय.

रात्रभर ओवेनचा विचार केला. घुम्या ओवेन. एकदम मोकळा झालेला, उबदार ओवेन. ज्याच्याबद्दल बायको म्हणते, इतका प्रेमळ कधीच नव्हता.

ओवेन इथून गेलाच नाही. गेला तो ओवेन नव्हता. ओवेन चारशे बाराव्या चौकटीपाशी उभा राहिला, थंड, काचेसारखा, कोणीतरी येऊन बोलेल याची वाट बघत. आणि आलेच मी. गप्पा मारायला आसुसलेली.

सकाळी रेडिओवर क्लाइव्हला हाक मारली. मला घेऊन जा म्हटलं. ब्रेंटनचा आवाज आला, लाइनवर कोणी आहे का. मी ओरडले. तो म्हणाला, नुसती खरखर आहे, आणि बंद केलं.

चालत निघाले. तीस किलोमीटर. धक्क्याच्या आवाराच्या फाटकापर्यंतच जाऊ शकले. पाय उचलेनात. मिठावर मागे वळून पाहिलं — माझ्या पावलांचे ठसे नव्हते.

४ मार्च, सकाळ

मनगट १९.४.

सेला परत आली. रेडिओवर तिचा आवाज ऐकला आणि जीव भांड्यात पडला. मावशी, कशी आहेस, म्हणाली. मी बटण दाबायच्या आत उत्तर गेलं. माझ्याच आवाजात. मस्त गं, म्हणाला तो आवाज, तुझ्या सासूचं काय ते आधी सांग. दोघी हसत राहिल्या. धक्क्यावरचा दुसरा रेडिओ हुकाला लावलेला असतो, तिथून —

माझ्यापेक्षा छान हसते ती.

सेला म्हणाली, दुपारी जेवण घेऊन येते.

ती म्हणाली, ये, वाट बघते.

४ मार्च, दुपार

सेलाची गाडी आली. प्रत्यक्षात पहिल्यांदाच बघतेय तिला. उंच, केसांत फूल, हातात फॉइलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. धक्क्याकडून ती चालत आली — माझी टोपी, माझे बूट, माझी चाल. आता दिसते. सगळ्यांना दिसते.

सेलाने तिला मिठी मारली. म्हणाली, "मावशी, किती गरम आहेस गं तू!"

मी काच बडवली. आवाज होत नाही. सेला खिडकीपाशी आली, माझ्या तोंडासमोर उभी राहिली, आणि काचेत बघून केस नीट केले.

ती सेलाला सांगतेय की नोकरी सोडते. तुझ्याबरोबरच येते कॅम्पवर. काही दिवस तुझ्याच घरी राहीन, म्हणतेय. एकटीला कंटाळा आला. सेला खूश. सेलाची दोन लहान मुलं आहेत. ती विचारतेय, मुलांची नावं काय —

नको

सेला माझी बॅग घ्यायला खोलीत आलीय. एकटी. मी खुर्चीत आहे. तिला दिसत नाही. टेबलावरचं यंत्र उचललं, गंमत म्हणून सगळीकडे चाप ओढतेय. भिंत अडतीस. किटली चाळीस. खुर्चीकडे —

थांबली.

पुन्हा ओढला. पुन्हा. हसणं गेलं. वर-खाली फिरवतेय, डोक्यापासून पायापर्यंत. खांदे. हात.

हळूच म्हणाली, "कोण आहे?"

पेन अजून माझं ऐकतं. मोठ्या अक्षरात लिहितेय. सेला, बाहेर आहे ती मी नाही. तिला घरी नेऊ नकोस. मुलांना तिच्याशी बोलू देऊ नकोस. सेला, पेनाकडे बघ —

बघतेय. पेनाकडे बघतेय. वाकलीय. वाचतेय. वाच, सेला, अजून वर, ३ मार्चचं वाच —

बाहेरून माझ्या आवाजात हाक आली. काय करतेस गं एवढा वेळ.

सेला हलत नाहीये. ओठ हलतायत, वाचतायत. पायरी वाजली. सेला, तिच्याशी बोलू नकोस, उत्तर देऊ नको